खुलासा : स्टार्चपासून बनलेले गाडीचे भाग पावसात विरघळत नाहीत

‘नव्या गाड्यांतले मक्याच्या स्टार्चचे प्लॅस्टिक पावसात विरघळते, आणि तडा गेल्यास उकळते पाणी ओतताच सांधले जाते’ असा संदेश, पाण्यात लिबलिबीत होणाऱ्या पट्टीच्या व्हिडिओसह फिरत आहे. दोन्ही विधाने चुकीची आहेत.

व्हिडिओतली पट्टी मात्र खरी असू शकते. कॉर्नफ्लोअर, ग्लिसरीन आणि पाणी शिजवून मी तशी पट्टी घरी केली आहे. रात्रभर पाण्यात ठेवल्यावर ती फुगून बोटांत तुटली. पण गाडीत हा पदार्थ तसाच बसवत नाहीत. टोयोटाने २००३ मध्ये ‘राउम’ या गाडीच्या स्टेपनीच्या झाकणासाठी पीएलए (पॉलिलॅक्टिक आम्ल) हे प्लॅस्टिक वापरले. त्यात स्टार्चपासून साखर, साखरेपासून लॅक्टिक आम्ल आणि त्यापासून प्लॅस्टिक असा प्रवास होत असल्याने स्टार्च उरतच नाही, म्हणून ते पावसात विरघळत नाही. पीएलएची खरी उणीव उष्णतेची आहे : साधे पीएलए सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते. त्या झाकणात ताकदीसाठी केनाफचे, म्हणजे आपल्या अंबाडीचे, धागे मिसळलेले होते.

उकळत्या पाण्याने पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकच्या बंपरचा पोचा कधीकधी निघतो. तडा मात्र उकळत्या पाण्याने जुळत नाही, उलट पीएलएचा भाग वाकडा होईल. दुरुस्तीपूर्वी भागाच्या मागील बाजूस कोरलेले प्लॅस्टिकचे चिन्ह पाहून त्याला चालणारा गोंद निवडावा, आणि भार पेलणारा भाग तडकला असल्यास बदलूनच घ्यावा.

हा संदेश कृपया पुढे पाठवू नये, आणि ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा अवश्य कळवावा.