रेट न वाढणाऱ्या गावात घर

घर घेतल्याचं कळलं की आपल्याकडच्या माणसाचा दुसरा प्रश्न ठरलेला असतो, "सध्या काय रेट चाललाय तिकडे?" माझ्या आत्तेभावानेही तोच विचारला. त्याचे सिंहगड रोडला दोन फ्लॅट आहेत, एकात भाडेकरू, दुसऱ्याला कुलूप. मी म्हटलं, दादा, आमच्याकडे रेट चालत नाही, बसलेला असतो. कोविडनंतर जरा उठला होता, पण बाकीच्या अमेरिकेत धावला तसा नाही. त्यावर तो जे "अरेरे" म्हणाला, त्याला फोनवर नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

गावाचं नाव ईस्ट मोलीन. इलिनॉय राज्याचं पश्चिम टोक, मिसिसिपीचा काठ, वस्ती एकवीस हजारांच्या आसपास. शिकागो पावणेतीन तासांवर. नदीच्या दोन्ही तीरांवरच्या गावांना मिळून क्वाड सिटीज म्हणतात. पलीकडे आयोवा राज्यात डॅव्हेनपोर्ट आणि बेटेनडॉर्फ, अलीकडे रॉक आयलंड, मोलीन आणि आम्ही. मोजलीत तर पाच भरतात. आधी तीन होती, चौथं म्हणून ईस्ट मोलीन धरलं गेलं, मग पलीकडचं बेटेनडॉर्फ वाढलं आणि आमच्या पुढे गेलं. आता पाहुण्यांना चार नावं सांगताना लोक नेमकं आम्हाला गाळतात. नदीचंही विचित्र आहे. एरवी उत्तरेकडून दक्षिणेला जाणारी मिसिसिपी इथे वळण घेऊन पूर्वेकडून पश्चिमेला वाहते. नकाशात इलिनॉयच्या पश्चिमेला असलेलं आयोवा आमच्या घाटावरून उत्तरेला दिसतं. नवीन आलेल्या माणसाचे दिशांचे घोळ वर्षभर चालतात.

इथे मराठी माणूस कुठून आला, तर ट्रॅक्टरवर बसून. जॉन डिअर नावाच्या लोहाराने १८३७ मध्ये ग्रँड डीटूर या गावी पोलादी नांगर बनवला आणि १८४८ मध्ये धंदा मोलीनला हलवला. मुख्यालय अजून मोलीनलाच आहे. कंबाईन (पिकाची कापणी-मळणी करणारं यंत्र) बनवणारा हार्वेस्टर वर्क्स कारखाना आमच्या ईस्ट मोलीनमध्ये १९१२ पासून उभा आहे. आणि याच कंपनीचा ट्रॅक्टरचा कारखाना पुण्याजवळ सणसवाडीला, इंजिनिअरांचं ऑफिस मगरपट्ट्यात. त्यामुळे इथल्या दिवाळीच्या कार्यक्रमात चकलीचं ताट हातात घेऊन "तू मगरपट्ट्यात कुठल्या टीममध्ये होतास?" हे हमखास ऐकू येतं.

आता रेट. पन्नास-साठच्या दशकात बांधलेलं तीन बेडरूमचं घर, खाली बेसमेंट, मागे अंगण, दीड लाख डॉलरच्या आसपास मिळतं. देशभरात जुन्या घरांची मधली किंमत चार लाखांच्या वर गेली आहे. आमच्या गल्लीत एका बाजूला निवृत्त वेल्डर आहे, समोर शाळेची बस चालवणाऱ्या बाई, कोपऱ्यावर काँगोहून आलेलं कुटुंब. त्यातले दोघं जोस्लिनच्या मांसाच्या कारखान्यात जातात. सगळ्यांची घरं स्वतःची आहेत. बस ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअरवाला एकाच मापाच्या घरात राहतात आणि एकाच दिवशी कचऱ्याचे डबे बाहेर काढतात, हे मला सिअ‍ॅटलच्या किंवा न्यू जर्सीच्या मित्रांकडे दिसलेलं नाही.

पण ही स्वस्ताई कुणाची मेहेरबानी नाही. १९८०च्या दशकात इथल्या शेतीवर कर्जाचं संकट आलं, शेतकऱ्यांनी यंत्रं घेणं थांबवलं आणि रॉक आयलंडचा फार्मऑल ट्रॅक्टरचा प्रचंड कारखाना बंद पडला. आमच्या गावात नदीला लागून केस नावाच्या कंपनीचा कंबाईनचा कारखाना होता, तो २००४ मध्ये गेला. तिथे आता हॉटेलं आणि अपार्टमेंट आहेत, संध्याकाळी फिरायला छान. माणसं गेली, घरं राहिली. जास्त माणसांसाठी बांधलेल्या गावात कमी माणसं राहतात, हे आमच्या बसलेल्या रेटचं पहिलं कारण.

दुसरं कारण नदी. यावर मात्र मी जरा जास्त बोलणार, कारण मी सांगलीचा.

सांगलीत पावसाळ्यात कुणी "कसं काय?" विचारत नाही, "आयर्विनला किती?" विचारतात. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा आमचा पूल, पाण्याची पातळी तिथल्या पट्टीवर मोजतात. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, हे आम्हाला पाढ्यांबरोबर येतं. इथे आलो आणि पहिल्याच वसंतात शेजारचा वेल्डर कुंपणावरून म्हणाला, "रॉक आयलंडला किती झालं बघितलंस?" तेव्हाच मला हे गाव ओळखीचं वाटलं. इथे पंधरा फुटांना पूर धरतात. (आयर्विनच्या फुटांशी तुलना करू नका, प्रत्येक पट्टीचा शून्य वेगळा असतो. हे मी बाबांना दरवर्षी समजावतो.)

२०१९ मध्ये दोन्ही नद्यांनी एकाच वर्षी इंगा दाखवला. इथे मार्चमध्ये पाणी पंधरा फुटांवर गेलं आणि जवळपास तीन महिने खाली आलंच नाही. ३० एप्रिलला डॅव्हेनपोर्टमध्ये वाळू भरलेल्या पेट्यांचा तात्पुरता बांध फुटला आणि भर बाजारात पाणी घुसलं. २ मे रोजी पट्टीवर २२.७० फूट, १९९३चा विक्रम मोडला. मग ऑगस्टमध्ये कृष्णा. आयर्विनला ५७ फुटांच्या वर. आई-बाबा गावभागातून विश्रामबागला मावशीकडे गेले होते, आणि मी इलिनॉयमध्ये बसून व्हॉट्सअ‍ॅपवर आकडे बघत होतो.

दोन पुरांत फरक आहे. कृष्णा दोन-तीन दिवसांत अंगावर येते. मिसिसिपी मिनेसोटा-विस्कॉन्सिनचा बर्फ वितळवत सावकाश येते, आठवडाभर आधी अंदाज मिळतो, सामान वर न्यायला वेळ असतो. आणि जाताना तितकीच सावकाश जाते. वेल्डरला मी विचारलं होतं, "वरच्या धरणातून विसर्ग किती चाललाय?" तो माझ्याकडे बघतच राहिला. कोयना आणि अलमट्टीच्या वादांवर वाढलेल्या माणसाला हे पचायला जड जातं, पण इथली धरणं पूर अडवायला बांधलेलीच नाहीत. मालवाहू बार्ज चालाव्यात म्हणून नऊ फूट खोली राखणं एवढंच त्यांचं काम. पूर आला की दरवाजे पूर्ण वर उचलतात आणि नदी मोकळी सुटते. शिव्या घालायला पाटबंधारे खातं नाही, ही एक गैरसोयच म्हणायची.

रॉक आयलंडने १९६५च्या महापुरानंतर भिंत बांधली. डॅव्हेनपोर्टने नदी दिसेनाशी होईल म्हणून भिंत नाकारली, आणि दर पुरात त्यांचा हा निर्णय नव्याने वादात निघतो. मला विचाराल तर मी डॅव्हेनपोर्टच्या बाजूचा आहे, पण माझं दुकान तिथे नाही, म्हणून हे बोलायला सोपं. आमच्या गावाजवळच्या कॅम्पबेल्स आयलंड या नदीतल्या बेटावर घरं खांबांवर उचललेली आहेत. तिथली काही घरं इतकी स्वस्त असतात की हात शिवशिवतात.

असे हात शिवशिवले तर आधी विम्याचं बघा. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही. तो वेगळा घ्यावा लागतो. केंद्र सरकारच्या योजनेत घराला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर आणि सामानाला एक लाख. पॉलिसी सहसा तीस दिवसांनी लागू होते, म्हणजे बातम्या बघून घेतलेला विमा उपयोगाचा नाही. बेसमेंटमध्ये हौसेने केलेल्या खोलीला त्यात जवळजवळ काहीच मिळत नाही. नकाशावर ज्याला "शंभर वर्षांचा पूर" म्हणतात, तो शंभर वर्षांतून एकदाच येतो असा समज करून घेऊ नका. दरवर्षी एक टक्का शक्यता म्हणजे तीस वर्षांच्या कर्जाच्या काळात चारात एक. आम्ही टेकडीवरच्या बाजूला घर घेतलं. नदी दिसत नाही, सायकलने दहा मिनिटांत गाठता येते. नदीकाठच्या गावात राहावं, नदीकाठच्या घरात राहू नये, असं माझी आजी सांगलीत म्हणायची, आणि ती स्वतः मात्र गावभागातच राहिली.

मालमत्ता कराबद्दल थोडक्यात, कारण जास्त बोललो तर रक्तदाब वाढतो. इलिनॉय या बाबतीत देशात पहिल्या काही राज्यांत आहे. दीड लाखाच्या घराला वर्षाला साडेतीन हजारांच्या आसपास जातात. त्यातला मोठा वाटा शाळांना मिळतो, म्हणून गप्प बसतो. आयोवावाले पुलावरून आमच्याकडे बघून हसतात.

बाकी जगणं कसं, असं विचाराल तर नदीकाठाने सायकलचा रस्ता आहे, ग्रेट रिव्हर ट्रेल, रॉक आयलंडपासून थेट सव्हॅनापर्यंत बासष्ट मैल. जानेवारीत धरणाखालचं पाणी गोठत नाही, तिथे मासे पकडायला बाल्ड ईगल जमतात, झाडागणिक बसलेले. त्यासाठी लोक लांबून कॅमेरे घेऊन येतात आणि आम्ही दूध आणायला जाताना बघतो. ऑगस्टमध्ये पोर्ट बायरन आणि पलीकडचं लक्लेअर ही गावं मिसिसिपीवरून दोर टाकून रस्सीखेच खेळतात, त्यासाठी नदीतली वाहतूक थांबवतात. यावर माझा आत्तेभाऊ अजून विश्वास ठेवत नाही. उन्हाळ्यात मेफ्लाय नावाच्या किड्यांची एखादी रात्र येते, दिव्याखाली खच पडतो, रस्ता निसरडा होतो. आणि थंडी: ३१ जानेवारी २०१९ला मोलीनच्या विमानतळावर उणे ३३ फॅरनहाइट नोंदलं गेलं, म्हणजे उणे ३६ सेल्सिअस. हो, पुराच्याच वर्षी. कडीपत्त्याचं रोप घरात ठेवूनही मेलं.

मनासारखी वांगी आणि ताजा नारळ हवा असेल तर शिकागोजवळच्या नेपरव्हिलची वारी आहेच. शिकागोहून इथपर्यंत प्रवासी रेल्वे येणार म्हणून केंद्राने २०१० मध्ये पैसे मंजूर केले होते. गाडी अजून यायची आहे. पुणे-मिरज मार्गाच्या दुहेरीकरणाची वाट बघितलेल्या माणसाला याचं फारसं वाईट वाटत नाही.

आता आत्तेभावाच्या "अरेरे"बद्दल. त्याच्या हिशोबात घर म्हणजे वाढणारा आकडा, आणि तो वाढता राहायचा असेल तर पुढच्या माणसाला घर परवडता कामा नये. सिंहगड रोडला त्याच्या बंद फ्लॅटच्या समोर नवी लग्न झालेली जोडपी वीस वर्षांच्या हप्त्यांत अडकलेली मी बघितली आहेत. आमच्या गल्लीत रेट बसलेला आहे म्हणूनच बस चालवणाऱ्या बाईंच्या मुलीला गेल्या वर्षी दोन गल्ल्या सोडून घर घेता आलं. माझं घर दहा वर्षांनी घेतलं त्याच किमतीला गेलं, तरी दहा वर्षं मी स्वस्तात राहिलेला असेन, हप्ता पगाराच्या पाचव्या हिश्शापेक्षा कमी असेल, आणि बायकोला हवं तेव्हा नोकरी सोडून शिकता येईल. हा फायदा कुठल्याच वेबसाइटच्या आलेखात दिसत नाही.

पण नव्याने येणाऱ्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण इथले मराठी लोक ती हळू आवाजात बोलतात. हे एका धंद्याचं गाव आहे. मक्याचा भाव पडला की शेतकरी कंबाईन घेत नाही आणि मग कपात होते. २०२४च्या उन्हाळ्यात हार्वेस्टर वर्क्समधून सुमारे २८० कामगार कमी केल्याचं जाहीर झालं, ऑफिसातल्या नोकऱ्याही गेल्या. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर नोकरी गेल्यावर हातात साठ दिवस. त्या साठ दिवसांत शिकागोत दुसरी नोकरी मिळू शकते. इथे दुसरी तशी कंपनीच नाही, आणि घर विकायला काढावं तर तुमच्यासारखेच आणखी दहाजण तेव्हाच विकत असतात. त्यामुळे माझं मत: व्हिसाची पहिली काही वर्षं भाड्याने राहा, दोघांपैकी एकाची नोकरी शेतीयंत्रांच्या बाहेरची असेल तर उत्तम, हॉस्पिटल, शाळा, काहीही. आणि विकताना थोडा तोटा झाला तर झोप उडणार असेल, तर घेऊच नका. आम्ही घेतलं ते बायकोची हॉस्पिटलमधली नोकरी पक्की झाल्यावर.

ज्यांना तरीही बघायला यायचं आहे त्यांनी एप्रिलमध्ये या. जूनमध्ये एजंट तुम्हाला हिरवळ आणि नदीवरचा सूर्यास्त दाखवेल. एप्रिलमध्ये नदी चढलेली असते, जमीन ओली असते. थेट बेसमेंटमध्ये उतरा, भिंतीवर पाण्याची जुनी रेघ आहे का बघा, संप पंप (बेसमेंटमध्ये साचणारं पाणी बाहेर टाकणारा) चालू करून दाखवायला सांगा, वीज गेल्यावर तो कशावर चालतो तेही विचारा. या भागात जमिनीतून रेडॉन हा तब्येतीला घातक वायू येतो, त्याची चाचणी करून घ्या, चार पिकोक्युरीच्या वर निघालं तर पंखा बसवण्याचा खर्च मालकाकडून मागा, बरेचदा देतात. राहायची सोय आमच्याकडे होईल. येताना चितळ्यांची बाकरवडी आणा, ती नेपरव्हिलला मिळते पण शिळी असते.