नसेला ‘सूज’ म्हणे! कसली सूज?

परवापासून तीन ग्रुपवर तोच फॉरवर्ड फिरतोय, की सीटीमध्ये पोटातल्या नसेला फुगा दिसला म्हणजे नसेला सूज आलीय, स्टिरॉइडने आठवड्यात उतरते, गोळ्या नको असतील तर हळद-दूध घ्या, आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल असेल तर निर्धास्त झोपा.

पहिला घोळ ‘सूज’ शब्दाचाच. पाय मुरगळला तरी आपण सूज म्हणतो आणि डॉक्टरांचं इन्फ्लमेशन, म्हणजे दाह, तीही सूजच. सेगमेंटल आर्टेरियल मेडिओलिसिस (सॅम म्हणतात) हा दुर्मिळ आजार, त्यात मूळ भानगड दाहाची नाहीच. धमनीच्या भिंतीत मधला थर स्नायूंचा असतो, त्याच्या पेशींत पोकळ्या पडतात आणि जुनं लुगडं जागोजागी विरतं तसा तो थर तुकड्यातुकड्याने विरतो, मग तिथे फुगा येतो नाहीतर भिंतीचे पापुद्रे सुटून मधे रक्त शिरतं, आणि कधी फुटून पोटात रक्तस्राव. सीटी अँजिओत नस मण्यांच्या माळेसारखी दिसते, जाड-बारीक-जाड.

नावात डॉक्टरही आधी चकलेच की! १९७६ ला स्लाविन आणि गोन्झालेझ-विताले यांनी हा आजार मांडला तेव्हा नावात ‘आर्टेरायटिस’, म्हणजे धमनीचा दाह, होतं. १९९५ ला ते जाऊन मेडिओलिसिस, म्हणजे मधला थर विरणं, आलं. फॉरवर्डवाले अजून १९७६ मध्येच आहेत.

सीआरपीचं तर उलटंच. सॅममध्ये तो बहुतेक वेळा नॉर्मलच येतो, एएनसीए (नसांच्या दाहाच्या काही आजारांसाठीची रक्ततपासणी) वगैरेही निगेटिव्ह. म्हणजे नॉर्मल रिपोर्ट बघून झोपणारा नेमका याच आजारात फसणार.

स्टिरॉइड लागतात ते पॉलिआर्टेरायटिस नोडोसासारख्या खऱ्या दाहाच्या आजारात, आणि पंचाईत अशी की स्कॅनवर दोन्ही सारखेच दिसू शकतात. सॅममध्ये स्टिरॉइडचा उपयोग नाही, उलट आधीच कमजोर भिंतीचं नुकसान व्हायची भीती. (तुमच्या डॉक्टरांनी दुसऱ्या कशासाठी दिले असतील तर हे वाचून बंद करू नका, बाबांनो.)

हळदीबद्दल काय बोलणार. फुटलेल्या नसेला जांघेतून बारीक नळी घालून कॉइल (रक्तस्राव बंद करणारी तारेची गुंडाळी) बसवतात, नाहीतर ऑपरेशन. अचानक पोटात जबर कळ, घाम, चक्कर असेल तर दूध गॅसवर ठेवू नका, गाडी काढा.

एक मात्र खरं, काही फुगे आपोआप जातात. पण ते कळतं बीपी ताब्यात ठेवून परतपरत सीटी केल्यावर, आणि मग श्रेय घेतं हळद-दूध.