लार्चचं बी, फ्रिज आणि इंदूरचा मे
एका लेखात म्हटलंय की लार्चचं (थंड प्रदेशातलं, सुईसारख्या पानांचं झाड) बी महिनाभर ओलं करून फ्रिजात ठेवलं की उगवतं, उगवतं हो भिया, पण पुढचं कोण सांगणार? मी इथे इंदूरला सिक्कीमकडच्या लार्चच्या 40 बिया ओल्या वाळूत, श्रीखंडाच्या डब्यात 4 आठवडे ठेवल्या, आईने दोनदा उघडून बघितलं. उगवल्या 9. पोकळ बी यात बरंच निघतं, त्यामुळे तेवढं वाईट वाटलं नाही. पण पाणी जरा जास्त झालं नि 5 रोपं मातीलगत काळी पडून आडवी, बुरशी! उरलेली मेच्या 42 डिग्रीत वाळली. याचे सायबेरियातले भाऊबंद हिवाळ्यात सुईसारखी पानं गाळून, झोपी जाऊन उणे 50 सोसतात, आपल्याकडे झोपायला तेवढी थंडीच कुठेय?