बंडूची पायरी

ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला आणि अकराच दिवसांत तो बदलून, पिसाळलेली व आक्रमक वगळता बाकीची कुत्री निर्बीजीकरण आणि लसीकरण करून मूळ जागी सोडावीत असे सांगितले. तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटात पेटलेला वाद अजून विझलेला नाही. पुण्याच्या दादाचे म्हणणे एका वाक्याचे आहे : "तुमच्या जर्मनीत रस्त्यावर कुत्रे दिसत नाही, कारण तिथे सरळ मारून टाकतात."

हे वाक्य मी म्युनिकला, बंडूच्या पाण्याच्या भांड्याशेजारी बसून वाचले. बंडू हा आमचा नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर. दोन वर्षांपूर्वी तो संध्याकाळी जिन्याच्या तोंडाशी थबकू लागला. दृष्टिपटल झिजत जाण्याचा हा आनुवंशिक आजार असून त्यात आधी अंधारातली नजर जाते, मग उजेडातली, आणि त्यावर औषध नाही, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले. बाहुल्या सतत विस्फारलेल्या असल्यामुळे त्याचे डोळे दिव्याखाली पूर्वीपेक्षा जास्त चमकतात. पाहुणे त्यांचे कौतुक करतात आणि आम्ही गप्प राहतो.

दादाला मी सविस्तर उत्तर लिहिले. सबळ कारणाशिवाय कुत्र्याला मारणे इथे गुन्हा आहे, 2002 पासून प्राण्यांचे रक्षण राज्यघटनेतच आहे, आणि बंडूपायी मी वर्षाला 100 युरो कर भरतो (हे मी दोनदा लिहिले). रेबीजचे म्हणशील तर इथे बिळांत विषारी वायू सोडून कोल्हे मारले, तरी रोग हटला नाही. लस भरलेली आमिषे जंगलांत, पुढे विमानातूनही टाकली, तेव्हा कुठे 2008 मध्ये देश त्या रोगातून मुक्त जाहीर झाला. दादाने एवढेच कळवले की नातीला भाजी मंडईजवळ कुत्रे चावले असून तिची तीन इंजेक्शने झाली, दोन राहिली. त्यावर मी काही लिहिले नाही.

खरे तर कुत्री मारून टाकणे मी पाहिले आहे ते इथे नव्हे, लहानपणी आमच्या चाळीत. गल्लीची 'काळी' आईच्या हातची शिळी भाकरी खाऊन वाढली होती. कुत्री धरणारी गाडी आली तेव्हा दादा तिला कवटाळून बसला आणि मी दाराआडून बघत राहिलो. त्या दिवशी रडलेला तो, आणि आज प्राणिदयेचे धडे देणारा मी.

मुले बंडूशी जर्मनमध्येच बोलत. पण नजर गेल्यापासून तो माझ्या आवाजावर चालतो, आणि घाईच्या वेळी माझ्या तोंडून मराठीच निघते : थांब, डावीकडे, पायरी, झाली. मुले शिकायला बाहेर पडल्यापासून या घरात मराठीवाचून ज्याचे अडते असा तो एकटाच उरला आहे. नोव्हेंबरात पाच वाजता अंधार पडतो. काल जिन्यात दिवा विझला आणि मी कुलपाशी झटापट करत मागे राहिलो, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या आजी कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि बंडूला हळूहळू सांगू लागल्या, "पायली... पायली..." बंडूने कान टवकारले, पुढचा पाय हवेत जरासा चाचपला आणि उतरला.