होडी खाडीतच आहे

माझा नायक ९ नोव्हेंबरपासून होडीत बसून आहे. मध्यरात्र झालीय, वद्य अष्टमीचा चंद्र माडांच्या मागून वर येतोय, खाडी तुडुंब भरलीय, पलीकडच्या धक्क्यावर नायिका कंदील घेऊन उभी आहे आणि हा मधोमध. त्याने वल्हं उचललं, इथपर्यंत लिहून झालं होतं. पुढचा शब्द होता ‘तेवढ्यात’. आणि तेवढ्यात पुढच्या पडवीतून आमच्या ह्यांचा आवाज आला, ‘‘खंय चललास भायरच्या भायर? येवा, वायच चाय घेवन जावा!’’

रस्त्याने जाणारा माणूस नुसता जाताना ह्यांना बघवत नाही. मुंबईत अठ्ठावीस वर्षं समोरच्या दारावरची पाटी ह्यांनी कधी पुरती वाचली नव्हती. निवृत्त होऊन कोकणात, आचऱ्याला आलो आणि ह्यांनी पडवीतल्या झोपाळ्यावर टोलनाका उघडला. फरक एवढाच की टोल येणाऱ्याने द्यायचा नाही, त्याला आपण द्यायचा. एक कप चहा, दोन बटर आणि किमान अर्धा तास गजाली. चहा अर्थात आतून येतो. आत मी असते.

कादंबरीचं खूळ पुण्याच्या भाचीने डोक्यात घातलं. ती म्हणाली, मावशी, अमेरिकेत एक प्रकार होता. नोव्हेंबरच्या तीस दिवसांत ५०,००० शब्दांची कादंबरी लिहून संपवायची. रोजचे १,६६७ शब्द पडतात. १९९९ साली एकवीस जणांनी सुरू केलं आणि पुढे ते जगभर पसरलं. मी म्हटलं, एकवीस माणसं आमच्या पडवीत संध्याकाळी असतात, त्यात काय एवढं! आणि दोनशे पानी वही आणली.

नंतर कळलं की त्या मंडळींनी पहिल्या वर्षी जुलै महिना धरला होता. दुसऱ्या वर्षी मुद्दाम नोव्हेंबर केला, कारण तेव्हा तिकडे हवा इतकी वाईट असते की माणूस घराबाहेरच पडत नाही. घोडं पेंड खातं ते इथेच. आमच्याकडे जुलैच बरा होता. समुद्र खवळलेला, ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, पाऊस असा की शेजारचं घर दिसत नाही. तेव्हा कोण कोणाकडे जातो? नोव्हेंबरमध्ये मात्र पाऊस गेलेला असतो, भात घरात आलेलं असतं, हवा छान पडते आणि चार महिने तुंबलेली माणसं एकदम सुटतात. त्यात तुळशीची लग्नं. वाडीत सतरा तुळशी आणि भटजी एक. प्रत्येक अंगणात मंगलाष्टकं म्हणायची, प्रत्येक अंगणात चुरमुरे आणि उसाचं कांडं घ्यायचं. एका रात्री मी सहा लग्नांना हजर होते. घरी येऊन वही उघडली तर नायिकेच्या तोंडी आपोआप ‘शुभमंगल सावधान’ आलं, आणि तिची तर अजून नायकाशी धड ओळखही व्हायची होती.

पण तुळशीला दोष देण्यात अर्थ नाही. खरी अडचण अशी की लिहिणं हे काम आहे, हे आमच्या वाडीत कोणालाच मान्य नाही. शेजारची काकी मागच्या दाराने येते. मी वहीत डोकं घालून बसलेली असते.

‘‘काय करतंस गो?’’

‘‘लिवतंय.’’

‘‘मगे बरां, मोकळीच आसस.’’ आणि पाट ओढून बसते.

उलट हातात क्रोशाची सुई असली की हीच काकी उंबऱ्यावर थबकते. ‘‘आसांदे आसांदे, कामात आसस. मी आपली पाच मिंटा बसतंय.’’ बसते तासभरच, पण आवाज खाली असतो आणि चहा स्वतः टाकते. म्हणजे हात हलताना दिसले पाहिजेत. पेनाने हलतात ते हलणं धरत नाहीत.

मग मी तोडगा काढला. मांडीवर वही, वहीवर विणकाम. पाऊल वाजलं की सुई चालवायची, पाऊल लांब गेलं की पेन. चार दिवस हे उत्तम चाललं. पाचव्या दिवशी त्या विणकामाकडे लोकांचं लक्ष गेलं.

वरच्या वाडीतल्या वहिनींच्या मुलीचं लग्न ठरलेलं. त्यांनी माझ्या हातातला रुमाल उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, ‘‘तुज्या हाताक गूण आसा गो. वायच एक तोरण कर रुखवताक.’’ ‘वायच एक तोरण’ म्हणजे अकरा पानं, प्रत्येक पानाच्या तेरा ओळी, वर पट्टी, खाली गोंडे. शिवाय ताटावरचे दोन रुमाल. शिवाय ‘‘उरलोच दोरो तर’’ कलशाखाली एक गोल. क्रोशा न केलेल्या माणसाला वाटतं की ही बाई शांतपणे दोरा ओढतेय. आत काय चाललेलं असतं ते सांगते. तीन साखळ्या, एक घर सोडून पाच खांब, दोन साखळ्या, एक मुका खांब, पुन्हा तीन साखळ्या. चौथ्या खांबावर कोणी विचारलं, ‘‘गणपतीक तुमचो झील इल्लो काय?’’ की तोंडाने ‘हो’ म्हणता म्हणता आपण सहावा खांब घातलेला असतो. ते कळतं दोन ओळींनंतर, पान एका बाजूला कलायला लागलं की. मग उसवा. उसवताना बघणाऱ्याला फार वाईट वाटतं. ‘‘अगे, इतक्या केलेला सोडतंस कशाक?’’ कादंबरीचं पान फाडताना असं कोणी हळहळल्याचं मला आठवत नाही.

त्यातून वही एकच. शब्द आणि खांब एकाच पानावर मोजायला लागले आणि एके दिवशी ह्यांनी ती वही हौसेने वाचली. त्यात लिहिलं होतं : ‘तिने मागे वळून पाहिले. तिच्या डोळ्यांत तीन साखळ्या, एक घर सोडून पाच खांब. तो काहीच बोलला नाही. गोंडा शेवटी लावणे.’ ह्यांनी चष्मा काढला, जरा वेळ झोपाळा थांबवला आणि म्हणाले, ‘‘चांगलां आसा. नवकवितेसारखां.’’

मग जत्रा आली. जत्रा म्हटलं की रात्री दशावतार, आणि दशावतार म्हटलं की पहाट. मी शाल गुंडाळून पहिल्या रांगेत, मांडीवर तोरणाचं सातवं पान. दशावताराला लिहिलेली संहिता नसते, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. त्या रात्री मात्र ते मला लागलं. रंगपटात तोंड रंगवता रंगवता ठरवतात, आज अमुक कथा, तू इकडून शिर, मी तिकडून येतो. बाकी सगळं जागच्या जागी. राजा उभा राहिला आणि समोरच्या राक्षसाशी पाऊण तास बोलला. एक चिठ्ठी नाही, एक खाडाखोड नाही, शब्दाला शब्द जोडलेला. मी मनातल्या मनात हिशेब केला, हा माणूस माझा दोन दिवसांचा वायदा पाऊण तासात पुरा करतोय. पण मधेच त्याला कोणी ‘‘वायच चाय घेवा’’ म्हणत नव्हतं, हेही मी पाहिलं.

३० नोव्हेंबरला बेरीज केली. ६,३०० शब्द. त्यात साखळ्या आणि खांब धरलेले.

आणि डिसेंबरात गावपळण आली.

बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्या आचऱ्यात दर तीन-चार वर्षांनी, रामेश्वराचा कौल झाला की सगळा गाव घराला कुलूप लावून वेशीबाहेर पडतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. तीन दिवस, तीन रात्री गावात चिटपाखरू नाही. वेशीपलीकडे माडाच्या झापांच्या राहुट्या बांधायच्या आणि तिथे राहायचं. देवाने पुन्हा कौल दिला की परत. लग्न होऊन आल्यावर मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. ह्या वेळी ऐकलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. तीन दिवस रिकामा गाव! पडवी रिकामी, झोपाळा रिकामा, मागचं दार बंद आणि कोणी विचारायला नाही! अख्ख्या कोकणात एवढी शांतता एका जागी कधी जमा होत नसेल. आणि त्या शांततेत बसायला बंदी असलेल्या माणसांत मी एक.

राहुटीत सामान लावताना कळलं की घराला भिंती असतात ही केवढी सोय होती. झापाच्या ह्या बाजूला मी, त्या बाजूला काकी, तिच्यापलीकडे तात्या, ज्यांचा जन्म होडीवर गेला. पाच राहुट्या सोडून तोरणवाल्या वहिनी. कोणी कूस बदलली तरी रांगेत कळतं. पहिल्या रात्री भजन झालं, मग फुगड्या, मग शेकोटी. गजाली संपत आल्या तशी ह्यांनी शेकोटीत एक चूड सारली आणि जाहीर केलं, ‘‘आमच्या हिचो एक माणूस म्हयनोभर होडीत बसान आसा.’’

झालं. वाचून दाखव म्हणाले. मी नको नको म्हणत वही काढलीच. कोण नाही म्हणेल? बॅटरीच्या उजेडात दोन पानं वाचली. चंद्राचं वर्णन मला स्वतःला आवडायचं. वद्य अष्टमीला चंद्र मध्यरात्री उगवतो, गोकुळाष्टमीला बघतोच की आपण, तेव्हा तिथी जुळवून घेतली होती. एवढा अभ्यास कोण करतं! ‘खाडी तुडुंब भरली होती’ असं वाचलं आणि झापाकडून तात्या खाकरले.

‘‘थांब गो. तिथ खंयची म्हटलंस?’’

‘‘वद्य अष्टमी.’’

‘‘आठाची पावणपट किती?’’ तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, तो हा हिशेब.

‘‘सहा.’’

‘‘मगे सांजेक सा वाजता भरती. मध्यरात्री खंयचां पाणी? सुकती ती. वर अष्टमीक भांग, पाणी तसांय कमीच चडता. तुजो झील होडीत नाय, चिकलात बसलो हा.’’

शेकोटीभोवती शांतता पसरली. मग काकी कळवळून म्हणाली, ‘‘म्हयनोभर चिकलात?’’

तिथून पुढे कादंबरी माझी राहिली नाही. होडी कोणाची, फायबरची की लाकडाची? पूल झालाय तर होडी कशाला? नायिका रात्री बारा वाजता धक्क्यावर, तर तिच्या आवशीला पत्ता कसा नाही? एकाने नायकाच्या घरचा सातबारा विचारला आणि त्यावर किती नावं आहेत ते माहीत नसताना मी त्याचं लग्न लावायला निघाले म्हणून मला वेड्यात काढलं. मला बोलायला जागाच नव्हती, म्हणून मी विणत होते. आठवं पान कधी झालं कळलंसुद्धा नाही. मोजून बघितलं, खांब बरोबर.

तात्या मात्र पाण्यावरून हलेनात. रात्री साडेअकराला झापापलीकडून त्यांचा आवाज आला. ‘‘एकादशीक काड त्याका भायर. अकराची पावणपट सव्वाआठ. अष्टमीपरीस बरां पाणी गावतलां.’’ मी अंधारातच हिशेब केला. एकादशीला चंद्र पार पहाटे, म्हणजे रात्री सव्वाआठला काळोख. चंद्राचं वर्णन गेलं, पण निदान कंदिलाला काम मिळालं. फक्त एक पंचाईत होती.

‘‘तात्यांनू,’’ मी कुजबुजले, ‘‘दशमीक तिचां लगीन आसा. दुसऱ्या मुलाशी. त्याने त्याच्या आधी पोचूक व्हयां.’’

‘‘मगे लगीन फुडे ढकल.’’

‘‘ढकलूक गावात?’’

‘‘न गावाक काय झालां? तूच लिवतंस मा?’’

खरंच की. मी वही उघडली, बॅटरी दातात धरली आणि लिहिलं, ‘लग्न पुढे गेले.’ महिन्याभरात इतकं सुटसुटीत वाक्य मी लिहिलं नव्हतं. शांत झोप लागली.

झोपेत माझ्या लक्षात आलं नाही की आमच्या दोघांच्या मधल्या राहुटीत काकी होती. ती अर्धवट झोपेत होती, आणि गजालीला तेवढं पुरतं.

सकाळी मी चूल पेटवत होते. तांबडं फुटलेलं, कोंबडे परमुलखात आरवावं की नाही अशा संभ्रमात. तेवढ्यात पाच राहुट्या पलीकडून वहिनी आल्या. धावत. केस मोकळे, पदर अर्धा खांद्यावर, तोंडात मिश्री तशीच.

‘‘कोणी सांगल्यान तुका?’’

‘‘काय?’’

‘‘लगीन फुडे गेलां म्हणान! पोरगी रडता थंय. माका रात्री फोन नाय, काय नाय, आणि हय सगळ्या रांगेक ठावक! तू तोरण थांबवलंस म्हणान काकी सांगता!’’

मी चुलीपुढून उठले. वहिनी, लग्न तुमचं नाही, माझ्या नायिकेचं, असं सांगायला तोंड उघडलं, तर ते वाक्य बोलून दाखवण्यासारखं नाही हे माझ्याच लक्षात आलं. शेवटी वही आणली, कालचं पान काढलं आणि त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी ते लांब धरून वाचलं. एकदा, मग पुन्हा एकदा. तीन साखळ्या एका घरासकट वाचल्या.

बाहेरून ह्यांचा आवाज आलाच. ‘‘उभी कित्याक? बसा, वायच चाय घेवन जावा.’’

वहिनी बसल्या. चहाचे दोन घोट गेल्यावर त्यांचा श्वास खाली आला. पोरीला निरोप गेला. मग त्यांनी वही पुन्हा मागे उलटली, कंदील घेऊन उभ्या असलेल्या नायिकेपर्यंत गेल्या आणि बराच वेळ तिथेच थांबल्या.

‘‘गो,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आणि हिच्या रुखवताक तोरण कोण करता?’’