झाँ नव्हे, झाँ-बातिस्त

ठाण्यात घरच्या घरी फ्रेंच शिकवते. जून उजाडला की नवी बॅच, आणि पहिल्या महिन्यातल्या एका श्रुतलेखनात मी मुद्दाम एक नाव घालते : झाँ-बातिस्त. मुलांच्या वह्यांत त्याचं काय काय होतं! कुणी 'जीन बाप्टिस्ट' वाचतं, कुणी मधली आडवी रेघ खातं, कुणी दोन शब्दांत स्वल्पविराम घालून चक्क दोन माणसं करतं. यंदा एका मुलीने विचारलं, "मॅडम, बातिस्त हे त्याच्या बाबांचं नाव का?"

वर्गात हशा झाला. मी नाही हसले. तिचं काय चुकलं? आपल्याकडे मधलं नाव वडिलांचंच. शाळेच्या दाखल्यापासून पासपोर्टपर्यंत तेच. त्या हिशेबाने जीवशास्त्रज्ञ झाँ-बातिस्त लामार्क म्हणजे लामार्कांचा झाँ, बातिस्तरावांचा मुलगा.

तर आज या नावाबद्दल लिहिते. थोडं लांबेल. माझं म्हणणं एवढंच, की फ्रेंच जोडनावाचा दुसरा तुकडा शोभेचा नसतो. तो कापलात तर माणूस बदलतो. आणि आपण तो सर्रास कापतो. वर्तमानपत्रंही कापतात, पाठ्यपुस्तकंही.

आधी नावाचा अर्थ. मराठी बायबलमधला 'बाप्तिस्मा करणारा योहान' म्हणजेच हा झाँ-बातिस्त. (उच्चारात 'प' नाही हं. लिहायचा, म्हणायचा नाही. फ्रेंचांच्या अर्ध्या अक्षरांची हीच गत.) नुसतं झाँ म्हटलं की प्रश्न उरतो, कुठला योहान? कारण दुसराही आहे, प्रेषित योहान, चौथ्या शुभवर्तमानाचा. त्याचा सण २७ डिसेंबरला, बाप्तिस्मावाल्याचा २४ जूनला. गोव्यात ज्या दिवशी डोक्यावर फुलापानांचं कोपेल घालून लोक विहिरीत उड्या मारतात, तो सांजांव म्हणजे याच बाप्तिस्मावाल्या योहानाचा जन्मदिवस.

आता कबुली. आमच्या तलावपाळीला सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे, शेजारी त्याच नावाची शाळा. पन्नास वर्षं मी त्याला नुसतं 'सेंट जॉन' म्हणत आले. म्हणजे मुलांच्या वहीत लाल शाईने जे खोडते तेच रिक्षावाल्याला सांगते.

पण तुकडा शोभेचा नाही हे मी कशावरून म्हणते? दोन घरांची गोष्ट ऐका.

पॅरिसमध्ये राजाच्या पदरी गाद्या-पडदे पुरवणाऱ्या पोकलँ नावाच्या माणसाच्या मुलाचा बाप्तिस्मा १५ जानेवारी १६२२ला झाला. चर्चच्या वहीत नाव पडलं 'झाँ'. नुसतं. मग धाकटा भाऊ झाला, त्याचंही नाव झाँ! एका घरात दोन झाँ, म्हणून थोरल्याला झाँ-बातिस्त म्हणू लागले. हाच पुढचा नाटककार मोलिएर.

दुसरं घर दक्षिणेतल्या पो गावचं, बेर्नादोत्त यांचं. इथे थोरला भाऊ झाँ, १७६३ साली जन्मलेला धाकटाही झाँ. थोरला झाला झाँ-एव्हांजेलिस्त, म्हणजे शुभवर्तमानवाला, आणि धाकटा झाँ-बातिस्त. दोन भावांनी दोन योहान वाटून घेतले. धाकटा साधा शिपाई म्हणून फौजेत गेला, नेपोलियनचा मार्शल झाला, १८१०मध्ये स्वीडनने त्याला वारस म्हणून निवडलं आणि १८१८मध्ये तो तिथला राजा झाला. आज स्वीडनच्या गादीवर त्याचाच वंश आहे. गंमत म्हणजे राजा होताना त्याने नाव घेतलं कार्ल योहान. ज्या तुकड्याने तो भावापासून वेगळा ओळखला जायचा, नेमका तोच गळाला. राजाला वेगळं ओळखायची गरज पडत नसावी.

आता चौदाव्या लुईचा दरबार बघा. तिथे इतके झाँ-बातिस्त की हाक मारली तर चार माना वळाव्यात. नाटकवाला मोलिएर. संगीतकार ल्युली. खजिना सांभाळणारा कोल्बेर. आणि हिरे विकणारा ताव्हेर्निए.

ल्युली मुळात फ्रेंच नव्हताच. फ्लोरेन्सचा जोव्हान्नी बातिस्ता. फ्रान्समध्ये आला आणि नावाचा तेवढा फ्रेंच अवतार झाला. मोलिएर आणि तो मिळून राजासाठी नाच-गाण्याची नाटकं करायचे, दोघांना लोक 'दोन बातिस्त' म्हणायचे. १६७१पर्यंत जोडी जोरात होती. मग १६७२मध्ये ल्युलीने संगीत-नाट्याचा मक्ता राजाकडून स्वतःच्या नावावर करून घेतला आणि इतरांनी किती गायक-वादक वापरायचे यावर बंधनं आणली. दुसऱ्या बातिस्तचा त्यात बळी गेला. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत काल्पनिक रोग्याची भूमिका करता करता मोलिएर खरोखरच कोसळला आणि त्याच रात्री गेला. नट म्हणून चर्च त्याला धड पुरूही देईना. राजाने शब्द टाकला तेव्हा कुठे रात्रीच्या अंधारात दफन झालं. त्याच्या मंडळींचं नाट्यगृह कुणाला मिळालं? ल्युलीला.

ल्युलीचा शेवटही रंगमंचाच्याच आसपासचा. राजा दुखण्यातून उठला म्हणून आभाराचं स्तोत्र बसवलं होतं. त्या काळी ताल धरायला जड काठी जमिनीवर आपटायचे. ती पायाच्या बोटावर बसली, जखम चिघळली, पाय कापू दिला नाही. मार्च १६८७मध्ये गेला. वर्गात हे सांगितलं की मुलं आधी हसतात, मग एकदम गप्प होतात.

ताव्हेर्निए आपल्या जवळचा. १६४८मध्ये तो गोव्याला निघाला तो वेंगुर्ल्यावरून, डचांची तिथे वखार होती. त्याच्या प्रवासवर्णनात शिवाजी महाराजांचाही उल्लेख येतो. गोवळकोंड्याच्या खाणी पाहून आलेल्या या माणसाने लुईला जो मोठा निळा हिरा विकला, तो पुढे पुन्हा पैलू पडत पडत आज 'होप' नावाने वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. ४५.५२ कॅरट.

आणि कोल्बेर. १६६४मध्ये फ्रेंचांची ईस्ट इंडिया कंपनी त्याने उभी केली, चार वर्षांत तिची वखार सुरतेला आली. शिस्तीचा, हिशेबाचा, रुक्ष माणूस. शाळेत मला तो आवडायचा, हेही सांगून टाकते. पण फ्रेंच वसाहतींतल्या गुलामांसाठीचा जो कायदा, 'कोद न्वार', म्हणजे काळा कायदा, त्याची तयारी यानेच सुरू केली होती. १६८३मध्ये तो मेला. कायदा १६८५मध्ये निघाला तो त्याच्या मुलाच्या हातून, आणि मुलाचं नावही झाँ-बातिस्त कोल्बेर! त्या कायद्याच्या दुसऱ्याच कलमात आहे, की सगळ्या गुलामांना बाप्तिस्मा द्यावा.

बाप्तिस्मा म्हणजे नाव. आफ्रिकेतून आणलेल्या माणसाचं मूळ नाव पुसलं जायचं आणि जागी एखादा संत यायचा. आज हैतीत 'झाँ-बातिस्त' हे सर्रास आढळणारं आडनाव आहे. अमेरिकेत लुईझियानात त्याचंच 'बटीस्ट' झालं. २०२२मध्ये पाच ग्रॅमी घेणारा जॉन बटीस्ट तिथलाच. वर कायदा करणारा झाँ-बातिस्त आणि खाली ज्यांच्यावर तो लागू झाला त्यांच्या नातवंडा-पणतवंडांच्या कपाळीही झाँ-बातिस्त. २०२०मध्ये पॅरिसला संसदेसमोरच्या कोल्बेरच्या पुतळ्यावर कुणीतरी लाल रंग ओतला. तारीख होती २३ जून. दुसऱ्या दिवशी संत झाँ-बातिस्तचा सण. हा निव्वळ योगायोग, पण माझ्या डोक्यातून जात नाही.

आता आपली पाठ्यपुस्तकं. जिराफाची मान लांब का, याचं उत्तर देणारा लामार्क : झाँ-बातिस्त. अर्थशास्त्रात 'पुरवठा स्वतःची मागणी निर्माण करतो' असं ज्याच्या नावावर पाठ केलं तो जे. बी. से : झाँ-बातिस्त. बारावीच्या फिजिक्समधल्या 'बायोट-सावर्ट' नियमातला बिओ : झाँ-बातिस्त. उष्णतेच्या गणितातला फूरिए : झाँ-बातिस्त जोझेफ. चार जण, आणि चौघांचं पहिलं नाव एकच हे मला फ्रेंच शिकेपर्यंत ठाऊक नव्हतं. कारण आपण आडनाव पाठ करतो आणि नावाचं जे. बी. करून टाकतो. फ्रेंच लोकही आद्याक्षरं लिहितात, नाही असं नाही, पण त्या दोन अक्षरांमध्येही आडवी रेघ ठेवतात. झाँ आणि बातिस्त सुटे होऊ देत नाहीत.

लामार्कबद्दल मात्र दोन ओळी जास्त. बिचाऱ्याला आपण 'चुकलेला शास्त्रज्ञ' म्हणूनच ओळखतो. पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांचा आख्खा संसार ज्याने लावला, 'अपृष्ठवंशी' हा वर्ग ज्याने रूढ केला, तो माणूस शेवटी आंधळा झाला. मुली त्याचं सांगणं उतरवून घ्यायच्या. १८२९मध्ये गेला तेव्हा कबरही मुदतीची मिळाली. मुदत संपली, हाडं हलवली, आता कुठे आहेत सांगता येत नाही. पॅरिसच्या वनस्पती-उद्यानात त्याचा पुतळा आहे, त्याखाली आंधळा बाप आणि पाठीशी उभी लेक. ती म्हणतेय, "बाबा, पुढच्या पिढ्या तुमचं कौतुक करतील, तुमच्यावरच्या अन्यायाचा सूड घेतील." जिराफाचं चित्र छापता, तर हेही एका चौकटीत छापा की!

एक झाँ-बातिस्त थेट मराठी राज्याच्या पदरीही होता. नाना फडणवीसांना सुरक्षिततेची शपथ देऊन दौलतराव शिंद्यांच्या छावणीत नेलं आणि तिथे अटक करवली, ते १७९७चं डिसेंबर अखेरचं प्रकरण आठवत असेल. शपथ देणारा नेपल्सचा मायकेल फिलोज. त्याचा मुलगा झाँ-बातिस्त फिलोज पुढे शिंद्यांचा सेनानी झाला, चंदेरीसारखी ठाणी त्याने घेतली. घराणं ग्वाल्हेरलाच रुजलं. तिथला जयविलास महाल त्याच घराण्यातल्या दुसऱ्या मायकेलने बांधला. फ्रेंच नाव, इटालियन रक्त, मराठी चाकरी. आणि मुंबईच्या माझगावात टिळकांचे स्नेही, होमरूल लीगचे अध्यक्ष, नंतर मुंबईचे महापौर झालेले काका बॅप्टिस्टा. त्यांच्या आडनावात तोच बातिस्त, पोर्तुगीज वाटेने आलेला.

मग फ्रान्समध्ये आज काय? १८०३च्या कायद्याने मुलांची नावं संतांच्या पंचांगातून किंवा प्राचीन इतिहासातूनच ठेवावी लागत. तो जाच पूर्ण सुटला १९९३मध्ये. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास झाँ-पिएर, झाँ-क्लोद, झाँ-पॉल यांचं पेव फुटलं होतं. आता ती आजोबांची नावं झाली, आपल्याकडच्या दत्तात्रय-पांडुरंगासारखी. नावाची अतिओळख झाली की थट्टाही होते. जुन्या प्रहसनांत नोकराचं ठरलेलं नाव बातिस्त. ढिम्म माणसाला फ्रेंचमध्ये अजूनही 'बातिस्तसारखा निवांत' म्हणतात.

शिकागोच्या मराठी मंडळींसाठी एक. तळ्याकाठचा तुमचा तो लेक शोर ड्राइव्ह, २०२१पासून त्याचं अधिकृत नाव आहे झाँ बातिस्त प्वँ द्यु साब्ल लेक शोर ड्राइव्ह. शहराचा पहिला कायमचा रहिवासी मानला जाणारा हा कृष्णवर्णीय व्यापारी. (न्यू ऑर्लिन्स वसवणारा ब्यँव्हील, तोही झाँ-बातिस्त. दोन मोठी शहरं!) माझी मावसबहीण तिथे तीस वर्षं राहते. तिला विचारलं, पूर्ण नाव घेतेस का? म्हणाली, "ताई, तेवढ्यात माझा एक्झिट निघून जाईल."

तर ही माझी बाजू. जोडनाव तोडू नका, आडवी रेघ खाऊ नका, 'जीन' तर मुळीच म्हणू नका.

श्रुतलेखनवाल्या त्या मुलीला मी हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पण मॅडम, त्याची आई त्याला रोज एवढं पूर्ण म्हणून हाक मारते?"

आता खोटं कसं सांगू? नाही मारत. मित्र मारत नाहीत, आईही मारत नाही. फ्रान्सभर झाँ-बातिस्तला घरीदारी 'जे. बी.'च म्हणतात. फ्रेंच उच्चार, 'झी-बे'.

तिने वहीत लिहून घेतलं. आडवी रेघ घालून.