रिकाम्या नळीतला सिग्नल : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मॅग्नेटिक पार्टिकल इमेजिंग, म्हणजे एमपीआय, या शरीरात सोडलेले चुंबकीय कण टिपून प्रतिमा काढणाऱ्या तंत्रावरील माझा लेख आपण इतक्या बारकाईने वाचलात याबद्दल मनापासून आभार. आपण नागपुरातच एमआरआय विभागात बरीच वर्षे काम करीत आहात, त्यामुळे आपल्या आक्षेपांना अनुभवाचे वजन आहे. ‘या तंत्रात शरीराकडून पार्श्वभूमीचा सिग्नल येत नाही, म्हणून प्रतिमा मुळातच स्वच्छ असते आणि उरलेसुरले दोष सॉफ्टवेअरने पुसता येतात’ हे माझे विधान दिशाभूल करणारे आहे, आणि सोबतच्या चित्रात मी दोष घालवलेले नसून झाकलेले आहेत, असे आपले म्हणणे आहे. हे दोन्ही आक्षेप मला मान्य आहेत. त्यावरून ‘म्हणजे ही प्रतिमा विश्वासार्हच नाही’ असा जो निष्कर्ष आपण काढला आहे, तो मात्र मान्य नाही, आणि त्याची कारणे सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते.

विधानाचा पहिला भाग बरोबर आहे. ग्लाइख आणि वाइत्सेनेकर यांनी 2005 मध्ये हे तंत्र प्रसिद्ध केले, तेव्हापासून त्याचे मर्म तेच आहे. लोह ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण चुंबकीय क्षेत्रात लवकर संपृक्त होतात, म्हणजे क्षेत्र आणखी वाढवले तरी त्यांचे चुंबकत्व वाढत नाही, त्यामुळे साधारण 25 किलोहर्ट्झच्या प्रेरक क्षेत्राला ते जो प्रतिसाद देतात त्यात मूळ वारंवारतेच्या पटीतल्या हार्मोनिक वारंवारता उमटतात. शरीरातील ऊतींकडून असा प्रतिसाद येत नाही. पण यंत्राबद्दल हे म्हणता येत नाही, आणि तेच मी लिहायचे राहिले. एमआरआयमध्ये आधी पल्स देतात आणि मग ऐकतात. येथे देणे आणि ऐकणे एकाच वेळी चालते. प्रेरक क्षेत्र सिग्नल टिपणाऱ्या ग्राही कॉइलमध्ये थेट जो व्होल्टेज निर्माण करते, तो कणांच्या सिग्नलपेक्षा लाखो पटींनी मोठा असू शकतो. त्यातली मूळ वारंवारता फिल्टर अडवतो. परंतु अॅम्प्लिफायरच्या विकृतीतून आलेल्या हार्मोनिक नेमक्या कणांच्या जागी येऊन बसतात आणि फिल्टर त्यांना ओळखू शकत नाही.

हे मी आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत डोळ्यांनी पाहिले आहे. प्रतिमा घेणारे यंत्र आमच्याकडे नाही. पीव्हीसी नळीवर गुंडाळलेली प्रेरक कॉइल, तिच्या आत प्रेरक क्षेत्राचा थेट व्होल्टेज एकमेकींत रद्द होईल अशा उलट दिशांनी गुंडाळलेल्या दोन ग्राही कॉइल, एक ऑडिओ अॅम्प्लिफायर आणि ऑसिलोस्कोप, एवढीच मांडणी आहे. प्रेरक क्षेत्र 10 किलोहर्ट्झचे आणि मोजायची ती 30 किलोहर्ट्झची तिसरी हार्मोनिक. मे महिन्यात, वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीत, सकाळी साडेदहाला आम्ही रिकाम्या नळीचे मापन घेतले आणि दिवसभराच्या कणांच्या सर्व नमुन्यांतून तेच वजा करीत गेलो. दुपारी अडीचच्या सुमारास, कूलर चालू असूनही खोली तापलेली असताना, एका विद्यार्थिनीने सहज पुन्हा रिकामी नळी मोजली. त्यातून सकाळचे मापन वजा केल्यावर जे उरले, ते आमच्या सर्वांत विरल नमुन्याच्या सिग्नलएवढे होते. नळीत काहीही नव्हते. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण 0.39 टक्क्यांनी वाढतो, वेटोळी किंचित सरकतात, अॅम्प्लिफायर तापतो, आणि दोन कॉइलमधला नाजूक तोल लहरीची उंची आणि फेज (लहरीची वेळ) दोन्हींत ढळतो.

प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात असा सिग्नल शिल्लक राहिला, तर सिग्नलवरून प्रतिमा रचणाऱ्या गणिताला तो कुठेतरी ठेवावाच लागतो, आणि जेथे कण नाहीत तेथे ते कण मांडते. त्यावरचा उपाय प्रतिमा तयार झाल्यावर करायचा नसतो. आम्ही त्या दिवसापासून प्रत्येक नमुन्याच्या आधी आणि नंतर रिकामी नळी मोजतो आणि मधल्या क्षणाची पार्श्वभूमी त्या दोन मापनांवरून काढतो. मोठ्या यंत्रांतही हाच मार्ग वापरला जातो. वेळ जातो, पण दुसरा प्रामाणिक मार्ग मला माहीत नाही.

कडेला दिसणाऱ्या तेजस्वी पट्ट्यांबद्दल आपण विचारले आहे. एमआरआयमध्ये चौकटीबाहेरचा हात प्रतिमेच्या दुसऱ्या बाजूला उमटतो, हे आपण रोज पाहता. येथे तसे होत नाही. चौकटीबाहेरच्या कणांचा सिग्नल कडेवर साचतो. हृदयाची प्रतिमा घेताना हा प्रश्न खरोखर गंभीर होतो, कारण रक्तात सोडलेले कण यकृतातील पेशी गोळा करतात आणि यकृत चौकटीच्या अगदी लगत असते. कॅलिब्रेशनच्या वेळी, म्हणजे प्रत्येक जागी ठेवलेल्या नमुन्याला यंत्र काय प्रतिसाद देते हे आधी नोंदवताना, कणांचा छोटा नमुना चौकटीच्या थोडा बाहेरही फिरवून तेथला प्रतिसाद नोंदवला, तर गणिताला त्या कणांसाठी योग्य जागा मिळते आणि पट्ट्या जातात. त्याची किंमत पाहा. प्रत्येक दिशेला 30 जागा धरल्या तर 27,000 मापने होतात, आणि एका मापनाला एक सेकंद धरला तर साडेसात तास लागतात. प्रत्येक बाजूला दोन-दोन जागा वाढवल्या की 39,304 मापने, म्हणजे जवळजवळ अकरा तास. त्या अकरा तासांत यंत्र तापते, आणि आमच्या रिकाम्या नळीचा प्रश्न पुन्हा समोर येतो.

आता माझी चूक. लेखातील चित्रात मी ऋण आकडे शून्य करून टाकले होते. कणांचे प्रमाण ऋण असू शकत नाही, ही अट गणित सोडवतानाच घालणे योग्य आहे. उत्तर निघाल्यावर ऋण आकडे पुसणे ही निराळी गोष्ट आहे. तेजस्वी ठिपक्याशेजारचा ऋण खड्डा हा पार्श्वभूमी चुकल्याचा किंवा गुळगुळीत करण्याचे प्रमाण न जुळल्याचा पुरावा असतो, आणि मी तो पुरावाच काढून टाकला. शिवाय नॉइजचा फक्त धन भाग उरल्याने रिकाम्या जागीही थोडे लोह असल्यासारखे भासते. जे तंत्र लोहाचे प्रमाण मोजण्यासाठी ओळखले जाते, त्यात हे अक्षम्य आहे. गुळगुळीत करण्याचे प्रमाणही मी फार ठेवले होते. त्यामुळे रक्तवाहिनीतला अरुंद भाग भरून निघून ती निरोगी दिसू शकते.

प्रशिक्षित न्यूरल नेटवर्कने दोष काढावेत का, या प्रश्नावर माझे मत असे की ज्या दोषाचे कारण मोजता येते, तो आधी मोजावा. नेटवर्कला यकृत चौकटीबाहेर आहे हे ठाऊक नसते. ते पट्टी पुसेल, पण तिच्याखाली खरे कण होते की नव्हते हे सांगू शकणार नाही.

प्रतिमा विश्वासार्ह नाही, असे मी यामुळेच म्हणत नाही. वरच्या प्रत्येक दोषाचे कारण ठाऊक आहे आणि ते मापनाच्या टप्प्यावरच पकडता येते. लेखातले ते विधान मी आता असे बदलले आहे : ‘शरीराकडून पार्श्वभूमीचा सिग्नल येत नाही, पण यंत्राकडून येतो आणि तो तासागणिक बदलतो, म्हणून प्रत्येक प्रतिमेसोबत रिकाम्या यंत्राचे त्याच वेळचे मापन असले पाहिजे.’ जुने चित्र काढलेले नाही. त्याच्या शेजारी ऋण आकड्यांसह नवे चित्र ठेवले आहे, दोन्हींना एकच मोजपट्टी लावली आहे, आणि मी पुसलेला खड्डा त्यात डावीकडे खाली स्पष्ट दिसतो.